बिडी बाहेर, माणूस आत

वैनगंगेच्या काठच्या एका गावातल्या ग्रामपंचायत सदस्या ताईंचा प्रश्न आहे. ग्रामसभा समाजभवनात भरते, बायका मागे बसतात आणि पुढे पंधरा-वीस माणसं बिड्या शिलगावतात. तालुक्याला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये तोच प्रकार. घरी सासरे सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बिडी ओढतात, आणि ताईंच्या चार वर्षांच्या मुलाला दर हिवाळ्यात धाप लागते, दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागते. कायदा आहे असं त्यांनी ऐकलंय. पण त्या विचारतात, गावात कोण कोणाला बोलणार? आज दंड लावला तर उद्या त्याच माणसाच्या घरी लग्नाला जायचं असतं.

ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण माझी चूक तिथेच झाली होती.

मी सव्वीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी होतो, सगळी नोकरी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ ला लागू झाले. पुढे पावतीपुस्तक माझ्या टेबलावर आलं आणि मला वाटलं, चला, आता हातात काहीतरी आलं. पहिल्याच आठवड्यात ओपीडीच्या व्हरांड्यात बाकावर बसून एक म्हातारे बिडी ओढत होते. दोनशेची पावती फाडली. त्यांनी कमरेची चंची सोडली, दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा एकेक करून मांडीवर ठेवल्या. सत्तर भरले. उरलेले सुनेनं पदराच्या गाठीतून काढून दिले. मी पावतीवर सही केली आणि पुढचा रुग्ण बोलावला.

म्हातारे क्षयाचे रुग्ण होते. तेव्हा डॉट्सच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा समोर बसवून द्यायचो. ते पुढच्या सोमवारी आले नाहीत, बुधवारीही नाहीत. दुसरा आठवडा लागला तसा मी आरोग्यसेवकाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हातारे बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "औषध फुकट देता म्हनता, अन् बसाचे दोनशे घेता. मले नाही परवडत, बाप्पा."

एका दंडापायी मी क्षयाचा रुग्ण घालवायला निघालो होतो. तो बरा झाला नसता तर घरातल्या सगळ्यांना धोका होता, म्हणजे बिडीच्या धुरापेक्षा मोठी गोष्ट मी पणाला लावली होती. त्यांची माफी मागितली, गोळ्या घरी पोचवायची सोय केली. पुढे ते परत यायला लागले तेव्हा दवाखान्याच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक जुना बाक टाकून दिला होता. ओढायची तर तिथे. आत आलं की बिडी कानावर नाहीतर चंचीत. त्या बाकानं जेवढं काम केलं तेवढं पावतीपुस्तकानं कधी केलं नाही.

अर्थात बाक टाकल्याबरोबर सगळं सुरळीत झालं असं नाही. आमच्या केंद्रातला एक कर्मचारी औषधांच्या खोलीमागे उभा राहून सिगरेट ओढायचा आणि रुग्णांना ते दिसायचं. बायका मला तोंडावर म्हणायच्या, "डाक्टर, तुमचा मानूस तं ओढते." मी सहा महिने कानाडोळा केला. ज्या दिवशी त्यालाही त्याच बाकावर पाठवलं, त्या दिवसापासून आमच्या आवारात नियम चालायला लागला. तुमच्या समाजभवनातही आधी बघा, सरपंच, ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील यांच्यापैकी कोण ओढतं. सुरुवात त्या खुर्चीपासून झाली नाही तर बाकीचे ऐकणार नाहीत.

आता कायदा. सिगरेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा २००३ चा आहे. कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आणि कलम २१ प्रमाणे दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्याच्याही आधी, काँग्रेसचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली होती. न्यायालयाचा मुद्दा साधा होता: जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराने का मरावं? जगण्याचा हक्क त्याचाही आहे. ग्रामसभेत बोलायची वेळ आली तर हेच बोला. व्यसनावर भाषण दिलंत की समोरचा म्हणतो, 'माझे पैसे, माझी छाती.' हक्काचं म्हणालात तर मागे बसलेल्या बायकांची बाजू आपोआप पुढे येते.

सगळ्यात जास्त गोंधळ 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दाचा होतो. दवाखाना, शाळा, सरकारी कार्यालय, वाचनालय, हॉटेल, प्रवासी वाहन आणि २००८ च्या नियमांनी कामाच्या सगळ्या जागा यात येतात. समाजभवन आणि ग्रामपंचायतीची खोली निःसंशय येते. मोकळी जागा मात्र कायद्याने वगळली आहे. म्हणजे पिंपळाच्या पारावर, शेताच्या धुऱ्यावर, पाणंदीत कोणी बिडी ओढली तर कायद्याला काही म्हणायचं नाही. पण 'मोकळी जागा' म्हणत सगळं सुटत नाही. एसटीचा थांबा, रेल्वे स्टेशन, स्टेडियम, उघडं प्रेक्षागृह अशा लोक जमतात त्या जागा नियमांनी मोकळ्या जागेत धरलेल्या नाहीत. थांब्यावर छप्पर नसलं तरी बंदी आहे. पारावर नाही. हा फरक लोकांना समजावला की निम्मी भांडणं मिटतात, कारण ओढणाऱ्याला आपल्यासाठी काही तरी उरलंय हे कळतं.

उघड्या प्रेक्षागृहावरून आठवलं. आपल्याकडे मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा गावच्या नाटक कंपन्या, कनातीने चारी बाजूंनी बंद केलेला मंडप, रात्री दहाला पडदा वर आणि पहाटेपर्यंत खेळ. थंडीमुळे कनात कोणी उचलत नाही. लेकरं आईच्या मांडीवर झोपलेली, आणि स्टेजवरच्या लाइटच्या झोतात धुराचा थर तरंगताना दिसतो. एका गावात मंडळाच्या पोरांना मी म्हटलं, पोलीस बोलवू नका, कंपनीतल्या विनोदी नटाला सांगा. त्याने दुसऱ्या अंकात मध्येच थांबून खाली बघितलं आणि म्हणाला, "बाबूजी, धूर काढाचं यंत्र आमच्याजवळ हाये, तुमी कायले मेहनत करता?" सगळा मंडप हसला. पंधरा-वीस जण बाहेर जाऊन ओढून आले. मंडळाने बाहेर पाण्याची टाकी आणि दोन बाकं ठेवली होती, म्हणून त्यांना जायला जागाही होती.

जबाबदारी कोणाची, हे नीट पाहून घ्या, कारण तुमचं काम इथून सुरू होतं. जागेचा जो मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी असेल, त्याने तिथे धूम्रपान होऊ द्यायचं नाही. प्रवेशाजवळ दिसेल असा फलक लावायचा. ॲश ट्रे, आगपेटी, लायटर असलं साहित्य ठेवायचं नाही. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव फलकावर लिहायचं. तक्रार येऊनही त्याने काही केलं नाही तर जितके लोक ओढत होते तितक्यांचा दंड त्याच्यावर बसतो. समाजभवनात ग्रामसभेला वीस जण ओढत असतील आणि तुम्ही लेखी तक्रार दिलीत, तर हिशोब ग्रामपंचायतीलाच करावा लागेल. हे वाक्य मासिक सभेत शांतपणे एकदा बोलून बघा.

दंड करायचा अधिकार सदस्य म्हणून तुम्हाला नाही. सरपंच, पंचायत सचिव, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक आणि फौजदार दर्जापासून वरचे पोलीस अशांना आहे. पावतीपुस्तक लागलं तर जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षाकडे मागा. माझा सल्ला असा की पुस्तक आणून ठेवा, सभेच्या टेबलावर दिसू द्या, पण पहिले तीन-चार महिने ते उघडू नका. जो एकटाच मुद्दाम तोंडावर धूर सोडतो, त्याच्यासाठी राखून ठेवा.

फलकाचंही सांगतो, कारण तो चुकला की हसं होतं. किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, त्यावर लाल कडेचं किमान १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, आत पेटलेल्या सिगरेटचं किंवा बिडीचं चित्र आणि त्यावर तिरपी लाल पट्टी. खाली लिहायचं की इथे धूम्रपान हा गुन्हा आहे. आमच्याकडे वरून छापील फलक आला, त्यावर फिल्टरवाली सिगरेट. एक आजोबा त्याच्याच खाली बसून ओढत होते. हटकलं तर वर बोट करून म्हणाले, "ते शिकरेटीसाठी हाये, माही बिडी हाये." आणि खरं सांगू का, त्यांचं चुकलं नव्हतं. नियमात बिडीचं चित्र चालतं. गावातल्या पेंटरला बोलावून बिडीच काढायला लावली, दोऱ्यासकट.

काळी-पिवळी हे प्रवासी वाहन आहे, त्यामुळे वाद नाही. त्यात दंड करायला कोणी चढणार नाही, हेही तितकंच खरं. पण ओढणाऱ्याशी भांडू नका, चालकाशी बोला. गाडी त्याची आहे आणि सिट भरायची घाईही त्यालाच आहे. तालुक्याच्या स्टँडवर चार बायका मिळून त्याला म्हणाल्या की 'बिडी विझवून मगच चढू दे, नाही तर आम्ही मागच्या गाडीनं येतो', तर तो ऐकतो. चार सवाऱ्या जाणं त्याला परवडत नाही. हिवाळ्यात काचा बंद असतात आणि दहा-बारा माणसं कोंबलेली असतात, तेव्हा एकाची बिडी सगळ्यांची होते. एसटीत कंडक्टर असल्याने हा प्रश्न आता पुष्कळ कमी झालाय, त्यावर फार बोलत नाही.

चहाच्या हाटेलात मालक एक पळवाट सांगतो: 'मोठ्या हॉटेलात स्मोकिंग रूम असते, मीही एक कोपरा देतो.' तसं चालत नाही. तीस किंवा जास्त आसनांचं उपाहारगृह, तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल आणि विमानतळ यांनाच ती मुभा आहे. तीही चारी बाजूंनी भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि हवा बाहेर फेकायची वेगळी सोय असेल तरच. आपल्या गावच्या हाटेलात तीन बाकं असतात.

आता धुराबद्दल, कारण 'खिडकी उघडी आहे ना' हे मी हजारदा ऐकलंय. बिडीचा धूर दोन तऱ्हेचा. एक ओढणारा आत घेऊन सोडतो तो. दुसरा पेटलेल्या टोकातून नुसताच वर जातो, आणि तो जास्त वाईट, कारण झुरका नसताना टोक मंद धुमसतं आणि अर्धवट जळतं. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात. त्यातली सुमारे सत्तर कर्करोग करणारी आहेत. न ओढणारा माणूस घरात किंवा कामावर सतत अशा धुरात राहिला तर त्याचा हृदयविकाराचा धोका पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा वीस ते तीस टक्क्यांनी. लेकरांना दमा, कानातलं दुखणं, छातीत कफ. गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दुसऱ्याच्या धुराने जगात दर वर्षी बारा लाखांहून जास्त न ओढणारी माणसं मरतात. एवढा धूर चालतो, याच्यावर चालत नाही, अशी सुरक्षित रेषा कोणाला सापडलेली नाही. पंखा लावला तर धूर जात नाही, तो खोलीभर सारखा होतो.

बिडीत तंबाखू सिगरेटपेक्षा कमी असतो, म्हणून ती हलकी असा समज आहे. पण तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, बिडी विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात आणि छातीत कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन जास्त जातं. हलकी वगैरे काही नाही.

'आपल्याकडे बिडी राहिली किती, सगळे खर्राच खातात,' असंही कोणीतरी म्हणेल. बरोबर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के. खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या मिश्रणाने, आपल्या भागातली तोंडं बंद केली आहेत, अक्षरशः, दोन बोटंही आत जात नाहीत. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण खर्रा खाणाऱ्याचं तोंड जातं, शेजाऱ्याचं नाही. त्याच सर्वेक्षणात देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर मिळत होता. ओढणारे थोडे असले तरी एकेक जण घरातल्या पाच जणांना ओढायला लावतो.

आणि ग्रामसभेत हा मुद्दा निघणारच: 'तेंदूपत्त्यावर आमचं पोट, अन् तुम्ही बिडीबंदी करता?' एप्रिल-मेमध्ये सगळं घर पहाटेपासून जंगलात असतं, पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या केंद्रावर, नेतं. त्या पैशावर रोवणीचं बियाणं येतं. मी या मुद्द्याला कधी हसत नाही, तुम्हीही हसू नका. सरळ सांगा, हा कायदा पानं तोडायला, बिडी वळायला, विकायला मनाई करत नाही. एवढंच म्हणतो की सार्वजनिक ठिकाणी, चार माणसांत पेटवू नका. पानठेल्याबद्दल मात्र एक वेगळं कलम आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखूची विक्री करता येत नाही आणि अठरा वर्षांखालच्या पोराला कुठेच विकता येत नाही. म्हणून 'जा रे, आज्यासाठी बिडीचा कट्टा घेऊन ये' हेही बंद करा. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता घर. इथे कायदा येत नाही आणि यायलाही नको.

मामाजींना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, 'बिडी सोडा' असं तुम्ही म्हणू नका. सून म्हणून तुमच्या तोंडून ते रुचणार नाही आणि साठीनंतर ती सुटेल याचीही खात्री नाही. 'बिडी बाहेर' एवढंच मागा, तेही स्वतः नको, आशाताईंकडून किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून बोलून घ्या. फक्त 'बाहेर' म्हणजे काय ते ठरवा. मामाजींना सपरी बाहेरच वाटते. मी घरोघरी एक करून दाखवायचो: ज्या बाजेवर आजोबा बसतात तिथे अगरबत्ती लावायची, घरच्यांना आतल्या खोलीत उभं करायचं आणि कोणाला आधी वास येतो ते विचारायचं. माझ्या अनुभवात तीन मिनिटं कधी लागली नाहीत. धूर दाराकडे ओढला जातो, आणि चूल पेटलेली असेल तर आणखी लवकर. हे आजोबांना भाषणापेक्षा लवकर पटतं, विशेषतः नातू 'मले आला वास' म्हणाला तर.

मग बाज सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, जाऊ द्या. गोठ्याशेजारी दोन टिनं टाकून आडोसा करा, थंडीसाठी तिथेच शेकोटी. आजोबांना हाकलून दिलं असं वाटू नये म्हणून सकाळचा चहा तिथेच नेऊन द्या. घोंगडी आणि बंडी यांत धूर मुरतो, तेव्हा नातवाला घेण्याआधी बंडी बदलायची आणि हात-तोंड धुवायचं, एवढी सवय लावा. 'मग चुलीच्या धुराचं काय?' असं ते नक्की विचारतील. त्यांचं बरोबर आहे. चुलीचा धूरही लेकराच्या छातीत जातो आणि दोन्हींची बेरीज होते. निदान त्याला वाफ द्यावी लागते त्या दिवसांत चूल बाहेरच्या मांडवात घ्या, म्हणजे मामाजींनाही दिसेल की नियम एकट्या त्यांच्यासाठी नाही.

बाहेर जायचा कंटाळा येऊन बिड्या आपोआप कमी होतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. दिवसाचा कट्टा दोन दिवस पुरायला लागतो. तेव्हा कधी मामाजी स्वतःहून म्हणाले की सुटली तर बरं, तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीचं समुपदेशनही मिळतं.

मुलाबद्दल एक विचारायचं राहिलं. त्याची सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का? आपल्या पट्ट्यात हा आजार बराच आढळतो, आणि सिकलसेल असलेल्या लेकरांमध्ये तंबाखूच्या धुराचा संबंध दुखण्याच्या झटक्यांशी आणि छातीच्या गंभीर त्रासाशी दिसून आलेला आहे. दर हिवाळ्यात धाप म्हणजे बहुतेक बाळदमाच असेल, पण नुसतं बहुतेक म्हणून सोडू नका. पुढच्या वेळी वाफ द्यायला न्याल तेव्हा बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी ही सिकलसेलची पहिली चाचणी करून घ्या. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानाच्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीसाठी नमुना पुढे पाठवायला सांगा, आणि तो कागद मामाजींना वाचून दाखवा.